लक्ष्मीबाई टिळक : संसारातील एक कसोटी

रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या त्यागाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. त्या त्यागाची किंमत घरात कोणी मोजली, हे मात्र आपण सहसा विचारीत नाही. स्मृतिचित्रांतील उतारे वर्गात वाचताना आपण पोट धरून हसतो आणि त्या हसण्यात मूळ दुःख निसटून जाते.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ साली नाशिकजवळच्या जलालपूरचा. माहेरचे नाव मनकर्णिका गोखले. वडिलांचे सोवळे इतके कडक की मीठसुद्धा धुतल्यावाचून घरात यायचे नाही! अकराव्या वर्षी लग्न झाले. पती बुद्धिमान, कवी, पण शीघ्रकोपी आणि लहरी. मनात येईल तेव्हा घर सोडून जावे, हातात येईल ते कुणालाही देऊन टाकावे. पत्नीला अक्षरओळख त्यांनीच करून दिली, हेही सांगितले पाहिजे.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला. पत्नीला विश्वासात न घेता! एका क्षणात ही बाई सवाष्ण असून निराधार झाली. पदरी लहान दत्तू. नातलगांच्या आधाराने तिने काही वर्षे काढली. त्यांतली काही पंढरपुरात. टिळकांनी सत्यासाठी सर्वस्व सोडले खरे, परंतु त्या सर्वस्वात दुसऱ्या एका जीवाचेही आयुष्य होते. या बाबतीत त्यांना पूर्णपणे निर्दोष ठरविणे मला तरी जमत नाही.

पुढे लक्ष्मीबाई पतीकडे परतल्या, पण धर्म बदलून नव्हे. राहुरीला त्या ख्रिस्ती घरात आपले सोवळे सांभाळून राहिल्या. जातिभेद देवाने केलेला नसून माणसाने केलेला आहे, हा विचार एके दिवशी त्यांच्या मनात उजाडला आणि त्यांनी कुणाच्याही हातचे खाण्यापिण्याचा निश्चय केला. त्यानंतर, १९०० साली, त्यांचा बाप्तिस्मा झाला. पतीच्या मागोमाग ओढली गेलेली ही स्त्री नव्हे. ती आपल्या पायांनी, आपल्या वेळेला तेथे पोचली.

मग संसार वाढला तो परक्या मुलांनी. टिळक अनाथांना घरी आणीत. शिजवायचे, न्हाऊमाखू घालायचे लक्ष्मीबाईंनी. पैसा तर घरात टिकतच नसे. नगरला प्लेगची साथ आली तेव्हा दोघांनी रोग्यांची शुश्रूषा केली. १९१७ साली टिळकांनी मिशनची नोकरी सोडली, पुन्हा अनिश्चितता. या खेपेस मात्र त्या सोबत होत्या.

टिळक १९१९ च्या मे महिन्यात गेले. ख्रिस्तायन हे त्यांचे महाकाव्य अपुरे राहिले होते. शाळेचे तोंड न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंनी त्याचे ६४ अध्याय लिहून ते पुरे केले. स्मृतिचित्रांचा पहिला भाग १९३४ साली निघाला. त्यात पतीच्या रागाचे, विसराळूपणाचे, उधळेपणाचे प्रसंग आहेत. कडवटपणा शोधूनही सापडत नाही. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्या वारल्या, तेव्हा शेवटचा भाग लिहावयाचा राहिला होता. तो त्यांच्या दत्तूने, म्हणजे देवदत्तांनी, पुरा केला.