डॉक्टर जॉन्सनचा बोका

जेवणाचीं पानें मांडलीं जाऊं लागलीं कीं कोठूनसें मांजर येतें, वाढणाऱ्याच्या पायांत घोटाळतें आणि तोंडाकडे पाहून एकसारखें ओरडूं लागतें. त्यास कितीही घातलें तरी घटकाभरानें तें पुन्हां हजर! कोणी त्यास भाताचा घांस टाकितो, कोणी हुसकून लावितो, आणि कोणी स्वतः जागचें न हलतां घरांतील गड्यास किंवा धाकट्या बहिणीस हांक मारून त्यास दूध घालावयास सांगतो. हा प्रसंग क्षुल्लक खरा. परंतु सदोदित खावयास मागणारा मुका जीव ज्या घरांत असतो, त्या घरांतील माणसांच्या मनाची परीक्षा तो नकळत घेत असतो, असें आम्हांस वाटतें. इंग्लंडांतील एका थोर कोशकारानें ही परीक्षा कशी दिली, तें आमच्या विद्यार्थी मित्रांस व त्यांच्या पालकांस सांगावें, या हेतूनें आम्ही हें अल्पचरित्र लिहीत आहों.

सॅम्युअल जॉन्सन याचा जन्म ता. १८ सप्टेंबर १७०९ रोजीं इंग्लंडांतील लिचफील्ड या गांवीं झाला. त्याचा बाप मायकेल जॉन्सन हा पुस्तकें विकण्याचा धंदा करी. पण त्या धंद्यांत त्यास बरकत आली नाहीं. लहानपणींच सॅम्युअलला गंडमाळांचा विकार जडला. त्यामुळें त्याच्या मानेवर व चेहऱ्यावर कायमचे व्रण राहिले आणि एका डोळ्याची दृष्टि बहुतेक गेली. तथापि बापाच्या दुकानांतील पुस्तकें वाचून त्यानें अफाट ज्ञान संपादन केलें. इ. स. १७२८ मध्यें तो ऑक्सफर्ड येथील पेंब्रोक कॉलेजांत दाखल झाला; परंतु पैशाची सोय न झाल्यामुळें सुमारें १३ महिन्यांनींच पदवी न घेतां त्यास तेथून परत यावें लागलें.

ऑक्सफर्डमधील त्याची एक गोष्ट पुढील कथेच्या दृष्टीनें ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. त्याचे जोडे इतके फाटले होते कीं त्यांतून पाय बाहेर दिसत. कोणा कनवाळू माणसाच्या हें नजरेस आलें, व त्यानें एक नवा जोड गुपचूप जॉन्सनच्या दाराशीं ठेवविला. जॉन्सननें तो पाहिला मात्र, आणि संतापानें उचलून फेकून दिला! देणाऱ्याचा हेतु चांगला होता. पण त्या देण्यानें घेणाऱ्याचें मन दुखावलें. उपकाराची धार कशी लागते, हें त्या तरुणास त्या दिवशीं कळून चुकलें.

इ. स. १७३१ मध्यें बाप वारला. पुढें १७३५ सालीं जॉन्सननें एलिझाबेथ पोर्टर या आपल्याहून पुष्कळ वडील अशा विधवेशीं विवाह केला, आणि लिचफील्डनजीक एडिअल येथें एक शाळा काढली. ती शाळा चालली नाहीं. तींतील मोजक्या विद्यार्थ्यांपैकीं डेव्हिड गॅरिक हा पुढें विख्यात नट झाला. इ. स. १७३७ मध्यें हे गुरुशिष्य नशीब काढण्यास बरोबरच लंडनला निघाले.

लंडनमध्यें जॉन्सनला भूक म्हणजे काय हें पुरतेंपणीं समजलें. एडवर्ड केव्ह याच्या मासिकासाठीं तो मिळेल तें लिहीत असे. केव्हला लिहिलेल्या एका चिठ्ठीखालीं त्यानें आपल्या सहीसोबत, आज आपण जेवलेलों नाहीं अशा अर्थाचा एक लॅटिन शब्द घातला होता. रिचर्ड सॅव्हेज नामक निष्कांचन कवीबरोबर, रात्रीच्या निवाऱ्यास पैसे नाहींत म्हणून, तो रस्त्यांतून रात्रभर भटके. एकदां केव्हच्या घरीं पाहुणा जेवावयास आला असतां, आपले कपडे चारचौघांत बसण्याजोगे नाहींत म्हणून जॉन्सन पडद्याआड बसला, व त्याचें ताट तेथेंच पाठविण्यांत आलें, असें सांगतात. त्या उपवासांची खूण त्याच्या अंगावर जन्मभर राहिली. पुढें चांगले दिवस आल्यावरही तो ताटावर बसला कीं दुसऱ्या कशाकडे त्याचें लक्ष नसे. कपाळाच्या शिरा फुगत व घाम येई, इतक्या आवेशानें तो जेवी.

इ. स. १७४६ मध्यें लंडनच्या पुस्तकविक्यांनीं इंग्रजी भाषेचा कोश रचण्याचें काम १,५७५ पौंडांस त्याजकडे सोंपविलें. फ्लीट स्ट्रीटजवळील गफ स्क्वेअरमधील घराच्या माळ्यावर ६ मदतनीस घेऊन तो कामास बसला, आणि ता. १५ एप्रिल १७५५ रोजीं सुमारें ४२,००० शब्दांचा तो प्रचंड कोश प्रसिद्ध झाला. मधल्या काळांत, १७५२ सालीं, त्याची पत्नी वारली होती. कीर्ति मिळाली, पण पैसा मिळाला नाहीं. पुढच्याच वर्षीं ६ पौंडांहूनही कमी अशा कर्जापायीं त्यास अटक झाली, व सॅम्युअल रिचर्डसन या कादंबरीकारानें पैसे पाठविले म्हणून सुटका झाली. इ. स. १७५९ मध्यें आई वारली, तेव्हां तिच्या उत्तरकार्याच्या खर्चासाठीं त्यानें एका आठवड्याच्या संध्याकाळांत ‘रासेलास’ ही कथा लिहून काढली. अखेर १७६२ सालीं सरकारांतून त्यास दरसाल ३०० पौंडांचें वेतन मिळूं लागलें, आणि वयाच्या ५३ व्या वर्षीं त्याची पोटाची विवंचना मिटली.

आतां हा गृहस्थ सुखानें एकटा राहिला असता, तर त्यास कोणी नांव ठेविलें नसतें. परंतु त्याचें घर म्हणजे निराश्रितांची धर्मशाळाच होती. दृष्टि गेलेली कवयित्री ॲना विल्यम्स, गरिबांच्या वस्तींत नाममात्र मोबदल्यावर औषधोपचार करीत फिरणारा रॉबर्ट लेव्हेट, निराधार झालेली मिसेस डेमूलिन्स, अशीं नाना तऱ्हेचीं माणसें त्याच्या छत्राखालीं राहत. तीं आपसांत भांडत, कुरकुरत, पण जॉन्सननें त्यांस कधीं बाहेर काढलें नाहीं. रात्रीं घरीं परततांना उंबऱ्यांवर झोंपलेलीं अनाथ पोरें दिसलीं, कीं सकाळच्या न्याहारीसाठीं तो त्यांच्या मुठींत हळूच पेन्या ठेवी. त्यांस जागें करून आभार मानून घेण्याची त्यास गरज वाटली नाहीं. याच घरांत फ्रान्सिस बार्बर हा त्याचा कृष्णवर्णी नोकर राहत असे. बार्बर हा जमैका बेटांत गुलामगिरींत जन्मला होता, व १७५२ सालीं अवघ्या दहा वर्षांचा असतां जॉन्सनच्या घरीं आला होता. जॉन्सननें पुढें त्यास स्वखर्चानें शाळेंतही घातलें.

आणि या घरांत एक बोकाही होता. त्याचें नांव हॉज.

जॉन्सनचा चरित्रकार जेम्स बॉझवेल यास मांजराचा मोठा तिटकारा. मांजर खोलींत असलें कीं तो अस्वस्थ होई. तरीही त्यानें आपल्या १७९१ सालच्या जॉन्सनचरित्रांत हॉजला जागा दिली आहे. हा बोका मोठ्या समाधानानें जॉन्सनच्या छातीवर चढे, आणि ज्याच्या वादविवादास सारें लंडन भीत असे तो पंडित हंसत हंसत, हलकेंच शीळ घालीत, त्याची पाठ चोळी. एकदां बॉझवेलनें हॉजची स्तुति केली, तेव्हां जॉन्सनच्या तोंडून निघून गेलें कीं याहून आवडतीं मांजरें आपण पाळलीं आहेत. पण लगेच, हॉजला वाईट वाटलें असेल अशा समजुतीनें, हाही फार गुणी बोका आहे अशी पुस्ती त्यानें जोडली!

हॉज म्हातारा झाला, आजारी पडला. मग त्यास कालवांवांचून दुसरें कांहीं जाईना, असें मिसेस थ्रेल या जॉन्सनच्या स्नेही बाईनें लिहून ठेविलें आहे. आमच्या कोंकणांतील वाचकांस कालवें ठाऊक आहेत. खडकांस चिकटलेल्या शिंपल्यांतून तीं काढतात. त्या काळीं लंडनमध्यें कालवें स्वस्त असून गोरगरिबांच्या खाण्यांतलीं होतीं, तेव्हां पैशाचा प्रश्न नव्हता. प्रश्न होता तो आणावयाचीं कोणीं, हा. घरांत नोकर होता. धन्यानें नुसती आज्ञा करावयाची. परंतु स्थूल देहाचा, अधू दृष्टीचा, साऱ्या युरोपांत गाजलेला हा विद्वान् हॉजचें जेवण आणावयास स्वतः बाजारांत जाई.

असें कां? मिसेस थ्रेलनें याचें एक कारण दिलें आहे व बॉझवेलनें दुसरें. पहिलें असें कीं, एका चतुष्पादाच्या सोयीसाठीं आपणांस राबविलें जात आहे, असें फ्रान्सिसच्या मनास वाटूं नये. दुसरें असें कीं, हा त्रास नोकरांवर पडला तर ते त्या गरीब प्राण्याचा राग करूं लागतील. पहिल्या कारणांत माणसाचा मान राखला आहे, दुसऱ्यांत जनावराचा जीव. आम्हांस दोन्ही कारणें खरीं वाटतात, व तीं एकमेकांपासून निराळीं नाहींत. ज्या माणसाचा मान दुखावला, तो आपला राग धन्यावर काढूं शकत नाहीं. तो मुक्या जीवावर निघतो. धन्याची पाठ वळली कीं मांजराच्या पेकाटांत लाथ बसते.

वाचकहो, फेकून दिलेला तो जोड्यांचा जोड आतां आठवावा. ज्यानें तरुणपणीं दुसऱ्याच्या दयेची बोंच सोसली, त्यास गुलामगिरींतून आलेल्या मुलाचें मन कळलें. ज्यानें पडद्याआड बसून अन्न खाल्लें, त्यास खावयास मागणाऱ्या जीवाचा कंटाळा आला नाहीं. दया करणें सोपें आहे. पण पुष्कळदां आपण दया करितों ती दुसऱ्याच्या श्रमानें. मांजर हौसेनें मुलगा आणतो, आणि त्याच्यामागें धांवते आई. जॉन्सनची दया त्याच्या स्वतःच्या पायांनीं बाजारांत जात असे, हें तिचें वैशिष्ट्य.

येथें मांजराच्या बाजूनेंही दोन शब्द सांगितले पाहिजेत. त्याचें मागणें ही निवळ लबाडी नव्हे. मांजराची जात उंदीर, पांखरें अशीं लहान भक्ष्यें दिवसांतून अनेक वेळां मारून खाणारी. एकदां पोटभर जेवून दिवसभर स्वस्थ बसावें हा तिचा स्वभाव नाहीं. वाढलेलीं मांजरें आपसांत क्वचितच म्यांव करितात. तो आवाज तीं मुख्यत्वें माणसांसाठींच राखून ठेवितात. ओरडतांच घांस मिळाला, तर ओरडणें हाच अन्नाचा मार्ग, असें तीं शिकतात, आणि मग आपणच त्यांस दूषण देतों. यास उपाय एवढाच कीं, ठरलेल्या वेळीं थोडें थोडें घालावें, रोज एकाच हातानें घालावें, आणि मधल्या ओरडण्यास भुलूं नये व चिडूंही नये. मात्र म्हातारें मांजर एकाएकीं अधाशी झालें आणि खाऊनही वाळूं लागलें, तर तें दुखण्याचें लक्षण असूं शकतें. त्यास जनावरांच्या डॉक्टरांस दाखवावें.

डॉक्टर जॉन्सन ता. १३ डिसेंबर १७८४ रोजीं निवर्तला, व वेस्टमिन्स्टर ॲबेमध्यें त्यास पुरण्यांत आलें. मृत्युपत्रानें त्यानें आपल्या मालमत्तेचा मोठा भाग फ्रान्सिस बार्बर यास दिला. त्या काळच्या कित्येक प्रतिष्ठितांस हें रुचलें नाहीं. पण ज्याचा मान एका बोक्याच्या जेवणापायींही उणा होऊं दिला नाहीं, त्यासच वारस करावें, यांत आम्हांस नवल वाटत नाहीं. गफ स्क्वेअरमधील तें घर हल्लीं वस्तुसंग्रहालय झालें असून, त्याच्यासमोर १९९७ सालीं हॉजचा पुतळा उभारण्यांत आला आहे. बोका कोशाच्या ग्रंथावर ऐटींत बसला आहे, आणि त्याच्याजवळ कालवांच्या रिकाम्या शिंपा पडल्या आहेत.

तो कोश रचण्याची विद्वत्ता आपणांपैकीं एखाद्यासच लाभेल. पण त्या शिंपांपुरता मोठेपणा प्रत्येकाच्या आटोक्यांतला आहे. आज संध्याकाळीं मांजर पायांत घोटाळूं लागेल, तेव्हां कोणास हांक मारूं नये; आपणच उठावें.