गोंगाटातून प्रतिध्वनी वेचणारा शास्त्रज्ञ

सोनोग्राफीपूर्वी पोटावर गार जेल कशासाठी लावतात, असे रुग्ण हमखास विचारतात. प्रोब आणि त्वचेमध्ये हवेचा पातळ थर राहिला तरी ध्वनिलहरी तिथूनच परत फिरतात, पुढचे काही दिसत नाही. मासे शोधायच्या फिशफाइंडरचेही तसेच. नौकेच्या पंख्याने घुसळलेल्या पाण्यातले बुडबुडे त्याच्या सेन्सरखाली आले की मासे पडद्यावरून गायब! या दोन्ही यंत्रांचा पूर्वज एकच, आणि त्यामागचे नाव पॉल लांजवँ.

२३ जानेवारी १८७२ रोजी पॅरिसमध्ये जन्मलेले लांजवँ पिएर क्यूरी यांचे विद्यार्थी. क्वार्ट्झचा स्फटिक दाबला की त्यावर विद्युतभार येतो, हे पिएर आणि त्यांचे भाऊ जाक यांनी १८८० मध्ये दाखवले होते. गुरूच्या या शोधाचे पुढे मोठे काम होणार होते, पण त्याला युद्ध यावे लागले.

पहिल्या महायुद्धात जर्मन पाणबुड्या जहाजे बुडवत सुटल्या. पाण्यात ध्वनी सोडून त्याचा प्रतिध्वनी टिपावा, ही रशियन अभियंता कॉन्स्टन्टिन शिलोव्स्की यांची कल्पना लांजवँ यांच्याकडे आली आणि त्यांनी सीन नदीत प्रयोग सुरू केले. ध्वनी सोडणे तुलनेने सोपे होते. खरी अडचण ऐकण्याची होती. लाटा, इंजिन, पंखा यांचा कल्लोळ, त्यात ध्वनी टिपणारा कोळशाच्या कणांचा मायक्रोफोन स्वतःच खरखरणारा. आवाज वाढवावा तर खरखरही तितकीच वाढते. सोनोग्राफी यंत्राचा गेन वाढवत नेला की पडदा नुसता पांढरा होतो, तोच हा प्रकार.

लांजवँ यांनी आवाज वाढवण्यापेक्षा तो निवडण्यावर भर दिला. त्यांनी सेकंदाला सुमारे ४०,००० कंपने असलेला, माणसाला ऐकूच न येणारा ध्वनी वापरला. जहाजाचा आणि समुद्राचा बहुतेक गोंगाट याच्या कितीतरी खालच्या पट्टीत असतो. शिवाय पाण्यात या ध्वनीची तरंगलांबी चार सेंटिमीटरहूनही कमी. त्यामुळे लहानशा तबकडीतूनही टॉर्चच्या झोतासारखा अरुंद झोत सोडता येतो आणि आजूबाजूचे नको ते प्रतिध्वनी टळतात. मायक्रोफोनच्या जागी १९१७ मध्ये क्वार्ट्झ आला. पोलादाच्या दोन चकत्यांमध्ये स्फटिकाचे तुकडे बसवलेले हे सँडविच ठरावीक कंपनसंख्येलाच जोरात थरथरते, इतर आवाजांना फारशी दाद देत नाही. तेच बोलते आणि तेच ऐकते. मला तरी ही त्यांची सर्वांत देखणी युक्ती वाटते. १९१८ मध्ये तुलाँच्या नौदल तळावर पाणबुडीचे प्रतिध्वनी स्पष्ट मिळाले. मात्र प्रत्यक्ष वापर होण्याआधीच युद्ध संपले.

या प्रयोगांत आणखी एक गोष्ट दिसली. तीव्र झोतात आलेले लहान मासे मरत, आणि पाण्यात हात घातला तर वेदना होत. अल्ट्रासाउंडचा सजीवांवर होणारा परिणाम असा ध्यानीमनी नसताना समोर आला. (सोनोग्राफीतली तीव्रता त्या मानाने फारच कमी असते, गर्भवतींनी घाबरू नये.)

पुढे याच तत्त्वावर समुद्राची खोली मोजणारी यंत्रे निघाली. लांजवँ यांची उतारवयातली वर्षे मात्र कष्टाची गेली. फॅसिझमला उघड विरोध केल्यामुळे ऑक्टोबर १९४० मध्ये जर्मनांनी त्यांना पॅरिसच्या तुरुंगात टाकले, नंतर त्र्वा शहरात नजरकैदेत ठेवले. १९४२ मध्ये जावयाला गोळ्या घातल्या गेल्या, १९४३ मध्ये मुलीला ऑश्विट्झला पाठवले गेले. ती जिवंत परतली. लांजवँ १९४४ मध्ये निसटून स्वित्झर्लंडला पोहोचले. १९ डिसेंबर १९४६ रोजी पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले.

१९४८ मध्ये त्यांचे अवशेष सन्मानाने पँथिऑनमध्ये हलवण्यात आले. त्याच वर्षी जपानमध्ये फुरुनो बंधूंनी खोली मोजणाऱ्या यंत्रात फेरफार करून मच्छीमारांसाठी फिशफाइंडर बाजारात आणला.