इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे

अमेरिकेंत १९३८ सालीं १० सेंटांस विकलेल्या ‘ॲक्शन कॉमिक्स’ या चित्रकथांच्या पहिल्या अंकाची एक प्रत २०२४ सालीं लिलावांत ६० लाख डॉलरांस गेली. पारख्यांनीं तिच्या सुस्थितीस १० पैकीं ८.५ गुण दिले होते. ही वार्ता वाचून आम्हांस राजवाडे आठवले.

त्यांचा जन्म १८६३ सालचा. डेक्कन कॉलेजांतून ते पदवीधर झाले. पत्नी अकालीं वारल्यावर त्यांनीं पुन्हां संसार मांडिला नाहीं. गांवोगांव हिंडून, स्वहस्तें रांधून, जुन्या वाड्यांतून वाळवीच्या तोंडीं पडलेलीं दप्तरें त्यांनीं शोधिलीं. बोली लावण्यास त्यांच्यापाशीं द्रव्य नव्हतें. होती ती केवळ चिकाटी. १८९८ सालीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या ग्रंथमालेचा पहिला खंड निघाला. पुढें २२ खंड झाले. आमच्या मराठवाड्यांत, बीडकडील पाटांगण येथें मिळालेली ज्ञानेश्वरीची जुनी पोथी त्यांनीं १९०९ सालीं प्रसिद्ध केली. १९१० सालीं पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन करण्यांत त्यांनीं पुढाकार घेतला. ३१ डिसेंबर १९२६ रोजीं धुळें येथें त्यांचा अंत झाला.

लिलावांतील प्रत बंद आवरणांत राहते. तिचें पान उलटलें कीं मोल घटतें. राजवाड्यांनीं मात्र कागद मिळाला कीं तो छापून सर्वांच्या स्वाधीन केला. फाटका, डागाळलेला कागदही त्यांस तितकाच मोलाचा वाटे. विद्यार्थ्यांनीं घरांतील जुना कागद रद्दींत देण्यापूर्वीं एकवार वाचून पाहावा, इतकीच आमची विनंती आहे.