एका ब्लॅक अँड व्हाइट फोटोवरून साईबाबांचा चेहरा घडवणारे तालीम

शिर्डीच्या समाधी मंदिरातली साईबाबांची मूर्ती सगळ्यांना माहितीय. पण ती घडवणाऱ्या शिल्पकाराचं नाव विचारलं, तर बरेच जण गप्प होतात. ते नाव बाळाजी वसंत तालीम.

तालीम यांचा जन्म १८८८ चा. दक्षिण मुंबईतल्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये ते शिल्पकला शिकले आणि मुंबईतच नावारूपाला आले. १९३२ साली 'टकळी' या शिल्पासाठी त्यांना बॉम्बे आर्ट सोसायटीचं सुवर्णपदक मिळालं.

त्यांची खरी कसोटी मात्र पुढं होती.

साईबाबांनी १९१८ च्या दसऱ्याला देह ठेवला. त्यानंतर कित्येक वर्षं समाधीपाशी त्यांच्या फोटोचीच पूजा व्हायची. मग इटलीहून मुंबई बंदरात आलेल्या पांढऱ्या संगमरवरातून मूर्ती घडवायचं ठरलं. काम तालीम यांच्याकडे आलं. हाताशी होता बाबांचा एक ब्लॅक अँड व्हाइट फोटो.

यात अवघड काय?

फोटोत उंची आणि रुंदी असते, खोली नसते. नाक किती पुढं, गाल किती आत, कपाळाचा उतार कसा, हे एका फोटोवरून मोजता येत नाही. दोन-तीन बाजूंचे फोटो असतील, तर त्यांच्यातल्या फरकावरून खोली काढता येते. एकच असेल, तर सावल्यांवरून अंदाज बांधायचा आणि उरलेलं अनुभवानं भरायचं.

आज कॉम्प्युटरही असंच करतो. १९९९ मध्ये ब्लांझ आणि फेटर या संशोधकांनी २०० माणसांच्या चेहऱ्यांचे थ्रीडी स्कॅन वापरून एका फोटोवरून अख्खा चेहरा उभा करून दाखवला. तालीम यांच्याकडे स्कॅन नव्हते. होता तो माणसाच्या हाडा-स्नायूंचा अभ्यास आणि वर्षानुवर्षं चेहरे घडवलेला हात.

शिवाय बाबांना डोळ्यांनी पाहिलेली माणसं शिर्डीत अजून हयात होती. चेहरा जरा चुकला असता, तरी त्यांना लगेच कळलं असतं. बाबांनी स्वतःच तालीम यांना दर्शन देऊन चेहरा दाखवला, असं भाविक सांगतात.

७ ऑक्टोबर १९५४. पुन्हा दसरा. ५ फूट ५ इंच उंचीची मूर्ती मंदिरात बसली.

आज देव्हाऱ्यापासून रिक्षापर्यंत जिथं जिथं बाबांची मूर्ती दिसते, तिथं बहुतेक वेळा याच मूर्तीची नक्कल असते. बाबांना पाहिलेलं आता कुणी उरलं नाही. फोटोत नसलेली जी खोली तालीम यांनी भरली, तीच आता आपल्यासाठी बाबांचा चेहरा झाली आहे.