बिनतारी विद्येचा उपासक
गुल्येल्मो मार्कोनीचा जन्म २५ एप्रिल १८७४ रोजी इटलीतील बोलोन्या शहरी झाला. विद्युत्-लहरींच्या साहाय्याने तारांवाचून संदेश धाडावेत, हा ध्यास त्याला तरुणपणीच लागला. १८९६ साली तो इंग्लंडला गेला.

परंतु आकाश सर्वांचे एकच! दोन केंद्रे एकाच वेळी संदेश धाडू लागली, की त्यांचा गोंधळ होई. सतारीच्या तारा जशा सुरांत मिळवितात, तशी संदेश धाडणारी व घेणारी यंत्रे एका ठरावीक तरंगलांबीशी जुळविण्याची युक्ती मार्कोनीने योजली. १९०० सालच्या ७७७७ क्रमांकाच्या पेटंटात ती नमूद आहे. असा संदेश त्रयस्थाच्या हाती लागणार नाही, असे तो सांगे.

जून १९०३ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्याचा सल्लागार फ्लेमिंग व्याख्यान देत होता. दूरच्या पोल्डू केंद्राकडून संदेश यावयाचा होता. तोच यंत्रावर थट्टेचे शब्द उमटू लागले! नेव्हिल मॅस्केलाइन नावाच्या जादूगाराने जवळूनच ते धाडले होते. लहरींच्या वाटा निराळ्या केल्याने गर्दी टळते. परंतु वाट सुरक्षित होत नाही, हे त्या दिवशी उघड झाले.

मार्कोनी खचला नाही. १९०९ साली त्याला ब्राउनसमवेत नोबेल पारितोषिक लाभले. पुढे त्याने सहकाऱ्यांसह, चहूकडे पसरणाऱ्या लहरी झोताप्रमाणे एकाच दिशेला धाडण्याची पद्धत सिद्ध केली. १९२७ साली ह्याच पद्धतीने खडकी व दौंड येथील केंद्रे इंग्लंडशी जोडली गेली.

२० जुलै १९३७ रोजी रोम येथे तो निवर्तला. त्याच्या सन्मानार्थ ब्रिटनमधील बिनतारी केंद्रे दोन मिनिटे मूक राहिली.