नानासाहेब पेशवे आणि कात्रजचें पाणी

पुण्याच्या दक्षिणेस डोंगराच्या पायथ्याशीं कात्रजचे दोन तलाव आहेत. शेजारच्या प्राणिसंग्रहालयामुळें बालवाचकांस ते ठाऊक असतीलच. परंतु ज्यांनी ते बांधविले, त्या बाळाजी बाजीराव ऊर्फ नानासाहेब पेशव्यांचें घराणें मूळचें या मुलखाचें नव्हे, हें पुष्कळांच्या ध्यानीं नसतें.

भट घराणें कोंकणांतील श्रीवर्धनचें. तेथील देशमुखी त्यांच्याकडे वंशपरंपरेनें चालत होती. समुद्रावर मात्र सत्ता जंजिऱ्याच्या सिद्दीची. त्याचा रोष ओढवल्यामुळें नानासाहेबांचे आजोबा बाळाजी विश्वनाथ यांस सतराव्या शतकाच्या अखेरीस घरदार सोडून सह्याद्रि चढावा लागला. वेळासच्या भानु कुटुंबानें त्यांस साथ दिली. पुढें प्रसिद्धीस आलेले नाना फडणीस याच भानूंचे वंशज. घाटावर सासवडच्या पुरंदऱ्यांचा स्नेह लाभला. असा निराश्रित होऊन आलेला हा पुरुष १७१३ सालीं शाहूमहाराजांचा पेशवा झाला, आणि दुसऱ्याच वर्षीं त्यानें दर्याचा धनी कान्होजी आंग्रे यास सामोपचारानें महाराजांच्या पक्षास मिळविलें. समुद्राचें भय व मोल हीं दोन्ही त्यास अनुभवानें कळलेलीं होतीं.

त्यांचे पुत्र पहिले बाजीराव यांनी बिऱ्हाड सासवडाहून पुण्यास आणलें व १७३० सालीं शनिवारवाड्याचा पाया घातला. १७४० सालीं नर्मदातीरीं बाजीरावांचा अंत झाला, तेव्हां विशीच्या आंतच असलेल्या नानासाहेबांकडे पेशवाईचीं वस्त्रें आलीं.

१७४९ सालीं शाहूमहाराज निवर्तले आणि राज्याचा कारभार साताऱ्याहून पुण्याकडे वळला. पेठा वाढल्या, माणसें वाढलीं. तितक्यांस पाणी कोठून पुरावें? नानासाहेबांनीं कात्रजास बंधारे घालून एकाखालीं एक असे दोन तलाव करविले. वरच्या तलावांत गाळ बसावा व निवळलेलें पाणी खालच्यांत उतरावें, ही योजना. तेथून सुमारें अडीच कोस दगडचुन्याचा झांकलेला नळ जमिनीखालून शनिवारवाड्यापर्यंत नेला. माणसानें आंत उतरून तो साफ करावा इतका तो ऐसपैस होता, आणि हवा खेळावी म्हणून जागोजाग उच्छ्वास ठेविलेले होते. यंत्र असें एकहि नाहीं. केवळ उताराच्या बळावर पाणी वाहत असे. वाटेंत पेठांतले हौद त्याच पाण्यानें भरत, हें मला त्या कामांतलें सर्वांत मोठें वाटतें. वाड्यांतल्या कारंज्यांसाठीं पाणी आणणारे धनी पुष्कळ झाले आहेत. वाटेवरच्या घागरींची आठवण ठेवणारे थोडे.

डोंगरावरील पाण्याची ही जाण समुद्राविषयीं मात्र राहिली नाहीं. कान्होजींचा पुत्र तुळाजी आंग्रे पेशव्यांस जुमानीना. त्याचें पारिपत्य करण्यासाठीं नानासाहेबांनीं इंग्रजांशीं संधान बांधलें, आणि फेब्रुवारी १७५६ मध्यें विजयदुर्गाच्या बंदरांत इंग्रजांनीं आंग्र्यांचें आरमार जाळून टाकिलें. तुळाजी निर्दोष होता असें नव्हे; पण जळालें तें मराठ्यांचेंच आरमार. बाणकोटचा किल्ला या व्यवहारांत इंग्रजांकडे गेला; तो वेळासला लागूनच आहे, जेथून भानु मंडळी बाळाजी विश्वनाथांच्या संगतीस आलीं होतीं! जो समुद्र आजोबांनीं जिवाच्या भयानें सोडला, त्याचें मोल घाटावर वाढलेल्या नातवास उमगलें नाहीं, असेंच म्हणावें लागतें.

पुढें १४ जानेवारी १७६१ रोजीं पानिपतावर ज्येष्ठ पुत्र विश्वासराव व चुलतबंधु सदाशिवरावभाऊ पडले. त्या दुःखानें खचलेले नानासाहेब २३ जून रोजीं पर्वतीवर वारले. वय चाळीशीच्या आसपास.

या घराण्याचें स्थलांतर तेथेंहि थांबलें नाहीं. १८१८ सालीं राज्य गेल्यावर त्यांचे पुतणे दुसरे बाजीराव यांस इंग्रजांनीं गंगातीरीं बिठूरास धाडलें. १८५१ सालीं तेथेंच त्यांनीं देह ठेविला. शनिवारवाडा त्यापूर्वींच, १८२८ सालीं, आगीच्या भक्ष्यस्थानीं पडला होता. शहरांतल्या हौदांत मात्र कात्रजचें पाणी त्यानंतरहि कित्येक वर्षें येत राहिलें.