दामोदर धर्मानंद कोसंबी : मुक्या वस्तूंना बोलते करणारे गणिती

गणित हा विषय आपल्या घरांतून बहुधा दोनच रूपांनी ओळखला जातो. एक परीक्षेतील गुणांच्या रूपाने आणि दुसरे दुकानातील चोपडीच्या रूपाने. पहिल्याची मुलांना धास्ती वाटते आणि दुसऱ्याची मोठ्यांना सवय झालेली असते. परंतु या दोहोंपलीकडे गणित हे सत्य शोधण्याचे एक साधन आहे, आणि ते ज्याला साधले त्याच्यापुढे जमिनीत पुरलेले नाणे, मक्याचे कणीस किंवा जन्ममृत्यूची नोंदवही यांसारख्या मुक्या वस्तूही साक्ष देऊ लागतात, ही गोष्ट फार थोड्यांच्या ध्यानात येते. ती ज्यांच्या चरित्रावरून स्पष्ट व्हावी असे एक विद्वान पुण्यात होऊन गेले. प्रा. दामोदर धर्मानंद कोसंबी हे त्यांचे नाव. प्राचीन भारताचे इतिहासकार म्हणून त्यांची कीर्ती सर्वदूर आहे. पण त्यांचा मूळ व्यवसाय गणिताचा होता, आणि त्यांच्या इतिहासलेखनाचे मूळही त्या गणितातच होते. त्या बाजूची ओळख आमच्या विद्यार्थिवर्गाला करून द्यावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

दामोदरपंतांचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजी गोमंतकातील कोसबें या गावी झाला. त्यांचे वडील आचार्य धर्मानंद कोसंबी यांनी ज्ञानाच्या ओढीने तरुणपणीच घर सोडले, सिंहलद्वीपापर्यंत प्रवास करून पाली भाषेचे व बौद्ध ग्रंथांचे अध्ययन केले, आणि पुढे अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाने त्यांना ग्रंथसंपादनासाठी पाचारण केले. १९१८ साली ते हार्वर्डला गेले, तेव्हा अकरा वर्षांचा दामोदर आणि त्याची थोरली बहीण माणिक ही दोघे त्यांच्याबरोबर होती. केंब्रिज या तेथील नगरातच त्याचे शालेय शिक्षण झाले. पुढे हार्वर्डमध्ये गणिताबरोबरच भाषा, इतिहास अशा अनेक विषयांत त्याने प्रावीण्य मिळविले आणि १९२९ साली सर्वोच्च सन्मानासह पदवी संपादन केली. विख्यात गणिती बर्कहॉफ हे त्याचे अध्यापक होते, तर नॉर्बर्ट वीनर यांच्याशी त्याचा स्नेह जडला.

अशा पदवीधराला परदेशात राहण्यास वाव मिळाला असता; परंतु दामोदरपंत त्याच वर्षी स्वदेशी परतले आणि काशीच्या हिंदू विश्वविद्यालयात अध्यापन करू लागले. १९३१ साली ते अलीगढ विश्वविद्यालयात गेले. तेथे आंद्रे वेय् हे तरुण फ्रेंच गणिती विभागप्रमुख होते. त्या वर्षीची एक गंमत गणिताच्या इतिहासात कायमची नोंदली गेली आहे. वेय् यांच्या सूचनेवरून कोसंबींनी एक शोधनिबंध लिहिला आणि त्यात बूर्बाकी नावाच्या एका अज्ञात गणित्याच्या सिद्धांताचा मोठ्या गांभीर्याने उल्लेख केला. असा कोणी गणिती नव्हताच! पुढे चारपाच वर्षांनी फ्रान्समधील तरुण गणित्यांच्या एका मंडळाने तेच नाव सामुदायिक टोपणनाव म्हणून धारण केले आणि त्या नावाने ग्रंथमाला लिहून जगभर ख्याती मिळविली. छापील शोधनिबंधात या काल्पनिक गृहस्थाचा पहिला उल्लेख झाला तो असा हिंदुस्थानात.

१९३३ च्या सुमारास ते पुण्यास फर्ग्युसन महाविद्यालयात आले. त्यांचे वडीलही पूर्वी येथेच पाली शिकवीत असत. भूमितीतील मार्गावकाश या विषयावरील त्यांचे कार्य याच काळातले. फ्रान्सचे थोर गणिती एली कार्तां यांनी त्याची दखल घेऊन ते पुढे नेले, आणि नंतर चिनी गणिती चेर्न यांनी त्यात भर घातली. या तिघांच्या नावांनी तो सिद्धांत आजही ओळखला जातो. १९३४ साली त्यांना रामानुजन स्मारक पारितोषिक मिळाले. शुद्ध गणितात एवढी प्रतिष्ठा लाभल्यावर पुष्कळजण त्याच वाटेने सुखाने चालले असते. कोसंबी मात्र संख्याशास्त्राकडे वळले, आणि ते शास्त्र नुसते पुस्तकातून न शिकता एखाद्या खऱ्या प्रश्नावर चालवून पाहावे म्हणून त्यांनी निवड केली ती जुन्या नाण्यांची.

ही नाणी म्हणजे अडीच हजार वर्षांमागील चांदीची आहत नाणी होत. त्यांवर राजाचे नाव नाही, सालही नाही. केवळ ठशांनी उमटविलेली चिन्हे. तक्षशिलेच्या उत्खननात अशा नाण्यांचे साठे सापडले होते. त्यांतील आधीचे कोणते आणि नंतरचे कोणते, हे ठरविण्याचा मार्ग कोसंबींनी शोधला तो वजनाचा. टांकसाळीतून निघताना सर्व नाणी जवळजवळ सारख्या वजनाची असतात. लोकांच्या हातांतून, कसांतून आणि थैल्यांतून फिरताना ती झिजतात. पण सारखी झिजत नाहीत. एखादे तिजोरीत पडून राहते, तर दुसरे रोज बाजार हिंडते. म्हणून काळ जाईल तसतसे त्यांचे सरासरी वजन उतरते, आणि निरनिराळ्या नाण्यांच्या वजनांतील तफावतही वाढते. एका नाण्याची साक्ष फसवी असू शकेल. शेकडो नाण्यांची एकत्रित साक्ष खोटी पाडणे कठीण.

परंतु हा तर्क आधी पारखून घ्यावयास हवा होता. त्यासाठी त्यांनी ज्यांवर साल छापलेले असते अशी आपल्या व्यवहारातील नाणी गोळा केली, सूक्ष्म काट्यावर एकेक करून तोलली, आणि तर्क खरा ठरतो हे पाहिल्यावरच ते प्राचीन साठ्यांकडे वळले. अशी हजारो नाणी त्यांनी स्वतःच्या हातांनी तोलली आहेत. १९४० पासून प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधांतून असे दिसून आले, की नाण्याच्या मागील बाजूवरच्या लहान खुणा जसजशा वाढतात तसतसे वजन उतरते. त्यावरून, या खुणा म्हणजे त्या काळच्या सराफांनी वेळोवेळी केलेल्या पारखीच्या निशाण्या होत, असे त्यांनी अनुमान काढले. मौर्यकालीन नाण्यांत तांब्याची भेसळ अधिक आणि वजनाचा नेमकेपणा कमी, यावरून त्या बलाढ्य साम्राज्याच्या खजिन्यावर पडलेला ताणही त्यांनी ओळखला. पुराणे आणि शिलालेख जे सांगत नाहीत ते काट्याने सांगितले. ही नाणी पाडविणारे राजे कोण, या प्रश्नाचा पाठपुरावा करता करताच ते इतिहासाच्या क्षेत्रात शिरले, आणि १९५६ साली भारतीय इतिहासाच्या अभ्यासाची नवी दिशा दाखविणारा त्यांचा ग्रंथ बाहेर पडला.

संख्याशास्त्रातील त्यांची आणखी दोन कार्ये जागतिक मोलाची ठरली आहेत. पहिले १९४३ सालचे. सामान्यतः संख्याशास्त्र सुट्या आकड्यांचा विचार करते; पण एका पावसाळ्यातील नदीच्या पाण्याचा चढउतार दाखविणारा संपूर्ण आलेख हाच एक नमुना मानला आणि असे अनेक आलेख जमविले, तर त्या सर्वांच्या मुळाशी असलेली थोडीशी प्रमुख वळणे कशी वेगळी काढावीत, याची रीत कोसंबींनी त्या वर्षी भारतीय गणित परिषदेच्या नियतकालिकात मांडली. हीच रीत त्याच दशकात कार्हुनेन आणि लोएव्ह यांनी स्वतंत्रपणे शोधली, आणि जगाने ती त्यांच्या नावाने ओळखली. आज हवामानाच्या अभ्यासात, द्रवाच्या खळाळत्या प्रवाहाच्या विश्लेषणात आणि छायाचित्रांची माहिती संक्षेपाने साठविण्यात ती नित्य उपयोगी पडते. महायुद्धाच्या धामधुमीत येथील नियतकालिकात छापलेला तो निबंध परदेशात फारसा कोणाच्या दृष्टीस पडला नाही.

दुसरे कार्य अनुवंशशास्त्रातील, १९४४ सालचे. प्राण्यांची व वनस्पतींची लक्षणे पुढील पिढीत नेणारी जनुके गुणसूत्रांवर ओळीने वसलेली असतात. दोन जनुकांत जितके अंतर अधिक तितकी पुढील पिढीत त्यांची ताटातूट अधिक. परंतु अंतर मोठे असले की मध्ये दोनदा अदलाबदल होऊन दोन्ही जनुके पुन्हा एकत्र येतात, आणि ती ताटातूट मोजणीतून निसटते. शिवाय एका जागी अदलाबदल झाली की तिच्या निकटच दुसरी होण्यास अडथळा येतो. हॉल्डेन यांनी १९१९ मध्ये दिलेले सूत्र हा अडथळा जमेस धरीत नव्हते. कोसंबींनी तो धरून नवे सूत्र दिले. त्यांच्या सूत्राने, शेकडा २० संततीत ताटातूट दिसली तर अंतर सुमारे २१ एकके भरते, आणि शेकडा ४० दिसली तर सुमारे ५५. हॉल्डेन यांच्या सूत्राने हेच दुसरे अंतर ८० च्या घरात जाते. भात, गहू, मका अशा पिकांच्या गुणसूत्रांचे नकाशे तयार करताना जगातील संशोधक आजही कोसंबींचे सूत्र वापरतात. अवघ्या चार पानांचा तो निबंध!

१९४५ साली डॉ. होमी भाभा यांच्या निमंत्रणावरून ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गणिताचे प्राध्यापक झाले. राहणे पुण्यास आणि काम मुंबईस. डेक्कन क्वीनचा प्रवास हा त्यांच्या दिनक्रमाचाच भाग झाला. या काळात त्यांनी भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, हिंदुस्थानातील जन्मप्रमाण ऋतूंप्रमाणे कसे बदलते याचा अभ्यास केला, आणि जागतिक शांतता चळवळीत भाग घेतला. आपल्या देशावर सूर्यप्रकाशाची एवढी कृपा असता अणुशक्तीच्या खर्चिक मार्गाने जाणे शहाणपणाचे नाही, हे मत त्यांनी सत्ताधाऱ्यांची भीड न ठेवता उघडपणे मांडले. त्यामुळे त्यांचे मित्र वाढले असे म्हणता येणार नाही.

चरित्र लिहिताना केवळ जयमालाच ओवणे हे सत्याला धरून होणार नाही. १९५९ साली कोसंबींनी कृषिसंख्याशास्त्राच्या एका नियतकालिकात निबंध छापला आणि त्यात रीमानचे प्रसिद्ध अनुमान संभाव्यतेच्या मार्गाने सिद्ध केल्याचे प्रतिपादिले. १८५९ साली मांडले गेलेले हे अनुमान मूळसंख्यांच्या विखुरण्याविषयी आहे, आणि आजतागायत ते कोणालाही सिद्ध करता आलेले नाही. मूळसंख्या यदृच्छेने पडलेल्या फाशांप्रमाणे वागतात असे दाखविले, तरी त्यातून निघणारा निष्कर्ष बहुधा खरा असा असतो; गणिताला हवा असतो तो निरपवाद निष्कर्ष. जाणकारांनी ती सिद्धता मान्य केली नाही, आणि कोसंबींच्या प्रतिष्ठेला मोठा धक्का बसला. नाण्यांच्या आणि जनुकांच्या क्षेत्रात ज्या हत्याराने त्यांना यश दिले, तेच येथे तोकडे पडले. १९६२ साली संस्थेने त्यांच्या नेमणुकीची मुदत वाढविली नाही, आणि सतरा वर्षांचा संबंध संपुष्टात आला.

त्यानंतरही त्यांनी लेखणी खाली ठेवली नाही. १९६४ साली शासनाच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्यांना सन्माननीय शास्त्रज्ञाचे पद दिले, आणि पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीत त्यांचे काम सुरू झाले. पुण्याच्या परिसरातील टेकड्या, कार्ल्याची वाट, धनगरांचे तळ आणि गावोगावची ग्रामदैवते पायी हिंडून पाहणे, अश्मयुगीन दगडी पात्यांचे बारीक तुकडे वेचणे आणि त्यांची नोंद ठेवणे हा क्रम अखेरपर्यंत चालू होता. २९ जून १९६६ रोजी पहाटे झोपेतच त्यांचे देहावसान झाले. तेव्हा त्यांना एकोणसाठावे वर्ष चालू होते. त्यांच्या जन्मशताब्दीनंतर २००८ साली भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.

या चरित्रातून आमच्या तरुण बंधुभगिनींनी काय घ्यावे? त्यांची प्रखर बुद्धी सर्वांना लाभणे शक्य नाही, आणि त्यांची सर्व मते प्रत्येकाला पटतील असेही नाही. पण त्यांची रीत कोणालाही उचलता येण्यासारखी आहे. तर्क करावा, तो आधी माहितीच्या वस्तूवर पारखावा, स्वतःच्या हातांनी मोजावे, एकाच उदाहरणावर विसंबू नये, आणि मोजमापाने जे सांगितले ते आवडो वा न आवडो, मांडावे. गावच्या विहिरीच्या पाण्याची पातळी दर आठवड्यास मोजून पाच वर्षे लिहून ठेवणारा शाळकरी मुलगा, किंवा दवाखान्याच्या नोंदींवरून कोणत्या महिन्यात कोणता ताप वाढतो हे पाहणारी मुलगी, ही त्याच वाटेवरची पहिली पावले टाकीत असतात. पालकांनी गुणपत्रिकेबरोबर अशी एखादी वहीही आपल्या पाल्याजवळ मागून पाहावी. कोसंबींचे याहून उचित स्मारक आपल्या हातून होणे कठीण आहे.